कुंभाराचं चाक की चरख्याचं?

(नागपूर आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

कवीला बोलावलं म्हणजे तो कविता वाचणार, फार तर कवितेमागची गोष्ट सांगणार, अशी आपली अपेक्षा असते. आज मी क्लचप्लेट आणि फ्लायव्हील या दोन वस्तूंवर बोलणार आहे. दचकू नका. मी मराठी घेऊन बी. ए. झालो हे खरं, पण वाढलो लेथच्या आवाजात. माझे अब्बा वर्ध्यात टर्नर होते. आमच्या घरात लोखंडाचा कीस केरसुणीनं लोटावा लागे आणि अम्मीच्या ओढणीला कटिंग ऑइलचा वास असे. घरात आम्ही हिंदी बोलतो, कविता मी मराठीत लिहितो, आणि मोटारीच्या भागांची नावं दोन्ही भाषांत इंग्रजीच आहेत. त्यामुळे या विषयात मला भाषेची अडचण कधी आली नाही.

आम्ही पिपरी मेघेला राहतो. नाव गावाचं असलं तरी आता ती वर्ध्याला चिकटलेली वस्तीच आहे. आमच्या अंगणात कडुनिंबाखाली १९६८ची एक फियाट उभी असते. अब्बांनी ती एका डॉक्टरांकडून जुनी घेतली होती. अब्बा २०११ साली गेले, तेव्हापासून गाडी उभीच होती. बॅटरी उतरलेली, टायर बसलेले, बॉनेटवर निंबोण्या. मागच्या हिवाळ्यात माझा भाचा पुण्याहून आला आणि म्हणाला, "मामू, नानांची गाडी मी चालू करतो. नुसती चालू नाही, स्पोर्ट करतो."

भाचा मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. तो येताना एक खोकं घेऊन आला होता. त्यात सिरॅमिकची क्लचप्लेट होती. आपण पाहतो तशी गोल थाळी नव्हे. फुलाला चार पाकळ्या असाव्यात तशी. सोबत जाड स्प्रिंगांची प्रेशर प्लेट. आणि तिसरी वस्तू खोक्यात नव्हती, डोक्यात होती. गाडीचं मूळ फ्लायव्हील लेथवर चढवून हलकं करायचं, असं त्यानं ठरवलं होतं.

फियाट आणि स्पोर्ट? आपण हसला असाल. मीही हसलो. फियाट म्हणजे लग्नात फुलं लावून येणारी गाडी, मुंबईत काळ्यापिवळ्या रंगाची टॅक्सी. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी तयार झाली. आधी फियाट ११००, मग डिलाइट, पुढे प्रेसिडेंट आणि शेवटी पद्मिनी. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून उतरली, तेव्हा वर्तमानपत्रांनी एखाद्या वडीलधाऱ्या माणसाच्या निधनासारख्या बातम्या छापल्या होत्या.

पण भाच्यानं मला या गाडीची दुसरी वंशावळ सांगितली. आपल्या टॅक्सीचं इंजिन १०८९ घन सेंटिमीटरचं. सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर, दट्ट्याची धाव ७५. या मापाचं इंजिन फियाटनं १९३०च्या दशकातच काढलं होतं. दुसरं महायुद्ध संपल्यावर तुरीन शहरात पिएरो दुसिओ या गृहस्थानं याच फियाट ११००चं इंजिन घेऊन चिसितालिया नावाची शर्यतीची गाडी केली. १९४७च्या मिले मिलिया शर्यतीत, म्हणजे इटलीच्या उघड्या रस्त्यांवरच्या हजार मैलांच्या शर्यतीत, ताझिओ नुवोलारी या प्रसिद्ध चालकानं चिसितालियाची छोटी उघडी गाडी दुसऱ्या क्रमांकावर आणली. मोठमोठ्या इंजिनांच्या गाड्या तिच्या मागे राहिल्या. चिसितालियाची २०२ ही गाडी न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाच्या संग्रहात आहे. आपल्याकडेही मद्रासजवळच्या शोलावरम्‌च्या जुन्या धावपट्टीवर फियाट गाड्या शर्यतीत पळत असत. तेव्हा कडुनिंबाखालच्या म्हातारीच्या माहेरी पळणारी माणसं होऊन गेली, एवढं मान्य करावं लागलं.

आता फ्लायव्हील म्हणजे काय ते सांगतो, कारण सगळं भांडण त्यावरच झालं. इंजिनच्या मागच्या टोकाला, क्रँकशाफ्टवर, एक जड लोखंडी चक्का बसवलेला असतो. चार सिलिंडरच्या इंजिनात दर अर्ध्या फेऱ्याला एक स्फोट होतो, एक धक्का मिळतो. दोन धक्क्यांच्या मधली पोकळी हा चक्का भरून काढतो. धक्का मिळाला की थोडी शक्ती साठवतो, धक्का नसला की परत देतो. त्याच चक्क्याच्या सपाट तोंडावर क्लचप्लेट दाबून बसते. आपण पायानं क्लच दाबला की प्लेट सुटते आणि इंजिन गिअरबॉक्सपासून वेगळं होतं. पाय सोडला की प्लेट घासत घासत चक्क्याला धरते आणि गाडी निघते. म्हणजे जड चक्का साठा करतो आणि क्लच त्या साठ्याचा व्यवहार करतो.

चक्का किती जड असावा? हे कळायला वर्ध्याच्या माणसाला लांब जावं लागत नाही. कुंभाराचं जुनं चाक आठवा. दगडाचं किंवा लाकूडमातीचं, जड. कुंभार दांड्यानं त्याला गरगर फिरवतो, दांडा बाजूला ठेवतो आणि मग दोन्ही हात मातीला लावतो. चाक जड म्हणून ते फिरत राहतं. हलकं असतं तर मडक्याचा गळा निघायच्या आत थांबलं असतं.

आता चरखा घ्या. आमच्या शाळेत सूतकताईचा तास असे. वर्ध्याच्या मगन संग्रहालयात गांधीजींच्या काळापासूनचे तऱ्हेतऱ्हेचे चरखे आहेत, शाळेची सहल दरवर्षी तिथे जायची. त्या संग्रहालयाचं उद्घाटन खुद्द गांधीजींनी १९३८ साली केलं होतं. चरख्यावर काय करावं लागतं? चाक फिरवायचं, पेळूतून धागा ओढायचा, मग थांबायचं, चाक किंचित उलटं फिरवून चातीच्या टोकावरचे वेढे सोडायचे, पुन्हा सुलटं फिरवून सूत गुंडाळायचं. मिनिटात कितीतरी वेळा थांबणं आणि उलटणं. इथे कुंभाराचं चाक लावलं तर हात तुटेल आणि सूतही तुटेल. म्हणून चरख्याचं चाक हलकं.

शर्यतीची गाडी चरख्याच्या जातीची. सारखे गिअर बदलायचे, इंजिनचे फेरे क्षणात चढवायचे, क्षणात उतरवायचे. ट्रॅक्टर, बस, मालमोटार कुंभाराच्या जातीची. प्रश्न एवढाच होता की कडुनिंबाखालची फियाट कोणत्या जातीची.

भाच्यानं रेशन दुकानाच्या पावतीच्या पाठीवर हिशेब मांडला. तो मला इतका आवडला की ती पावती मी जपून ठेवली आहे. आमचा चक्का किराणा दुकानाच्या काट्यावर आठ किलोच्या आसपास भरला. त्रिज्या १३ सेंटिमीटर धरली. गाडी पळवायची तर चक्क्याचे फेरेही वाढवावे लागतात, आणि गिअरमुळे चक्का गाडीच्या चाकांपेक्षा कितीतरी पट जोरात फिरत असतो. पहिल्या गिअरमध्ये समजा १५ पट, वरच्या गिअरमध्ये ४ पट. हा पट हिशेबात वर्गानं येतो. म्हणजे १५ गुणिले १५, आणि ४ गुणिले ४. सगळं मांडलं तर पहिल्या गिअरमध्ये हा आठ किलोचा चक्का गाडीला जणू १८० किलोचं ओझं होतो. जणू मागच्या सीटवर तीन माणसं बसली आहेत. आणि वरच्या गिअरमध्ये तेच ओझं फक्त १३ किलोचं. तीच वस्तू, तेच लोखंड. चक्का पाच किलोचा केला तर पहिल्या गिअरमध्ये सुमारे ६८ किलोंचं ओझं उतरतं, वरच्या गिअरमध्ये मात्र जेमतेम पाच किलोंचं.

याचा अर्थ हलक्या चक्क्यानं गाडीचा कमाल वेग वाढत नाही, ताकदही वाढत नाही. खालच्या गिअरमध्ये गाडी लवकर उसळते, गिअर बदलताना इंजिनचे फेरे पटकन पडतात, एवढाच लाभ. तोही कमी नाही. पण त्याची किंमत मोजावी लागते. इंजिन रिकामं चालताना अडखळतं, गिअरबॉक्स खडखडते, आणि चढावर गाडी काढताना पाय जरा चुकला की इंजिन बंद. जड चक्का चालकाच्या चुका पोटात घालतो.

आता मूळ गोष्टीकडे येतो. भाचा चक्का पोत्यात घालून लेथवर गेला. लेथ आता अब्बांच्या शागीर्दाची आहे. त्यांना आम्ही दादा म्हणतो. सत्तरीला आले आहेत, पण मायक्रोमीटर अजून चष्म्याशिवाय वाचतात. दादांनी चक्का हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला आणि म्हणाले, "तुह्या मामूला विचारलं का?" भाचा म्हणाला, "मामूला यातलं काय समजते?" दादा म्हणाले, "तरी विचार. मंग ये."

भाचा घरी आला तो वैतागूनच. मी त्याला खाटेवर बसवलं. जे सांगायचं होतं ते मी पंचेचाळीस वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं. माझ्या बहिणीलाही, म्हणजे त्याच्या आईलाही, पूर्ण ठाऊक नव्हतं. ती तेव्हा पाळण्यात होती. भाच्याच्या मनात त्याचे नाना म्हणजे जिल्ह्यातले सर्वांत पक्के टर्नर. त्यांचं नाव सांगितलं की जुने गॅरेजवाले अजून कानाला हात लावतात. ते खोटं नाही. पण.

१९७९ची गोष्ट. मी चौथीत होतो. एका जिनिंगवाल्याचा तरुण मुलगा अब्बांकडे आला. त्याच्याकडे फियाट होती. त्याला ती पळवायची होती. कुठल्या तरी इंग्रजी मासिकात त्यानं वाचलं होतं की शर्यतवाले फ्लायव्हील हलकं करतात. अब्बांनी चक्का लेथवर चढवला. लेथ दादा चालवत होते, तेव्हा पंचविशीचे. मी दिवा धरला होता, कारण वीज गेली होती आणि लेथ डिझेल इंजिनावर चालू होती. कडेचं लोखंड काळ्या भुकटीसारखं झडत होतं. मुलगा म्हणत होता, "अजून काढा, अजून काढा." अब्बांनी चार किलोच्याही खाली आणला. हातात घेऊन मला दाखवला, "देख, थाली हो गया." मला फार अभिमान वाटला.

तीनेक आठवड्यांनी नागपूर रस्त्यावर तो चक्का फुटला. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन पूर्ण ताणलेलं असताना. चक्क्याभोवतीचं कव्हर फोडून एक तुकडा गाडीच्या तळातून वर आला. क्लचच्या पेडलजवळ काय असतं? डावा पाय. त्या मुलाच्या डाव्या पायाची दोन बोटं गेली.

त्या घरानं पोलिसांत काही केलं नाही. उलट त्याचे वडील म्हणाले, हट्ट आमच्याच पोराचा होता. पण अब्बांनी दुसरी लेथ विकली. आमच्याकडे तेव्हा दोन लेथ होत्या. पैसे घेऊन ते दवाखान्यात गेले. पहिल्यांदा परत पाठवले, दुसऱ्यांदा घेतले. परत आल्यावर त्यांनी लेथच्या वरच्या भिंतीवर रंगानं लिहिलं, 'फ्लायव्हील : फक्त फेसिंग'. फेसिंग म्हणजे तोंड साफ करून सपाट करणं, बस. गिऱ्हाईक विचारायचे, असं का? अब्बा म्हणायचे, मशीन लहान आहे. ती पाटी अजून भिंतीवर आहे. भाच्यानं ती शंभर वेळा वाचली असेल.

सांगून झाल्यावर भाचा बराच वेळ बोलला नाही. मग इंजिनिअर जे करतो तेच त्यानं केलं. खिशातून पेन काढलं. मिनिटाला ६००० फेरे, त्रिज्या १३ सेंटिमीटर. चक्क्याच्या कडेचा वेग ताशी २९० किलोमीटरच्या पुढे गेला. वर्ध्याच्या स्टेशनातून धाडधाड जाणारी कुठलीही गाडी घ्या, तिच्या दुपटीहून जास्त. आणि लोखंड फाडू पाहणारा ताण वेगाच्या वर्गानं वाढतो. ३००० फेऱ्यांचे ६००० केले की ताण दुप्पट नव्हे, चौपट. जुना चक्का ओतीव लोखंडाचा, म्हणजे बिडाचा. बीड दाबाला फार पक्कं, ताणाला कच्चं. ते वाकत नाही, पूर्वसूचना देत नाही, सरळ तुटतं. त्यात चक्का पातळ केला की क्लचच्या घर्षणाची उष्णता साठवायला लोखंडच उरत नाही, तो लवकर तापतो, आणि तापून निवून तापून निवून तोंडावर केसासारख्या भेगा पडतात.

"नानांना हे माहीत नव्हतं?" भाच्यानं विचारलं.

"अर्ध माहीत होतं," मी म्हणालो. "उरलेलं अर्ध त्यांना त्या मुलाच्या पायानं शिकवलं."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं लेथवर जमलो. दादांनी चक्का दोरीला टांगला आणि छोट्या हातोडीनं ठोकला. जुनी परीक्षा आहे. माठ घेताना बोटाच्या पेरानं वाजवून पाहतो तशी. धड बीड टण्ण वाजतं आणि थोडा वेळ गुणगुणत राहतं. आमचा चक्का वाजला, पण गुणगुणला नाही. भाच्याचा या परीक्षेवर विश्वास नव्हता. त्यानं लाल द्रव फवारला, पुसला, वर पांढरी भुकटी मारली. पाच मिनिटांत पांढऱ्यावर लाल रेघा उमटल्या. बोल्टांच्या दोन भोकांपासून बाहेर निघालेल्या, बोटाच्या पेराएवढ्या. हा चक्का हलका करणं सोडाच, होता तसा बसवणंही शहाणपणाचं नव्हतं. अब्बा कित्येक वर्षं याच चक्क्यावर आम्हाला सेवाग्राम, पवनार फिरवत होते.

मग ठरलं की नवा चक्का करायचा, पोलादाचा. भाच्यानं अ‍ॅल्युमिनियमचंही पाहिलं होतं. ते वजनानं निम्म्यावर येतं, पण त्याच्या तोंडावर पोलादाची वेगळी चकती बसवावी लागते, कारण अ‍ॅल्युमिनियम घर्षणाला टिकत नाही. शर्यतीला उत्तम. आमच्या कामाला फार हलकं. वजनावरून पुन्हा तासभर वाद झाला. भाचा पाचावर, दादा सातावर. मी कुंभार आणि चरखा दोघांना मध्ये आणलं. शेवटी सहा ठरले. सहा किलोंना पहिल्या गिअरमधलं ओझं ४५ किलोंनी उतरतं, म्हणजे मागच्या सीटवरचा एक बारका माणूस उतरवल्यासारखं, आणि चढावर गाडी काढण्याइतका साठाही उरतो. वजन कुठून काढायचं हेही महत्त्वाचं. कडेचं एक किलो हे अर्ध्या त्रिज्येवरच्या चार किलोंच्या बरोबरीचं. म्हणून बोल्टांजवळ आणि घर्षणाच्या पट्ट्यामागे जाडी तशीच ठेवली, थोडंच काढलं ते बाहेरच्या कडेचं. अब्बांनी कडेचंच काढलं होतं, पण थांबले नव्हते, आणि बीड होतं.

पोलादाची चकती पुण्याहून आली. दादांनी तिच्यावर तीन दिवस काढले. स्टार्टरची दातेरी रिंग तापवून चढवली. भाच्यानं चक्का आणि प्रेशर प्लेट एकत्र बसवून तोल पाहिला, दोघांवर खुणा केल्या, म्हणजे पुढच्या वेळी उघडली तर तशीच बसेल. बोल्ट नवे. जुने बोल्ट पुन्हा वापरणाऱ्यांना दादा एक शब्द वापरतात, तो रेडिओवर सांगता येत नाही.

राहिली क्लचप्लेट. पाकळ्यांची सिरॅमिक प्लेट दिसायला देखणी. भरपूर उष्णता सोसते, म्हणून शर्यतीत चालते. पण तिला मधला मार्ग ठाऊक नाही. एक तर सुटलेली, नाही तर धरलेली. घासत, सावकाश, माणसासारखं निघणं तिला जमत नाही. गाडी हिसका मारते, आणि तो हिसका गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्ट, मागचा डिफरन्शियल, सगळ्यांच्या हाडात जातो. साठ वर्षांच्या म्हातारीला रोज धक्के देण्यासारखंच ते.

आणि गरज तरी किती? भाच्यानं इंजिन नवं बांधलं, कार्ब्युरेटर मोठा केला, तरी मुळातलं इंजिन चाळीसच्या आसपास अश्वशक्तीचं. हिशेब असा. प्रेशर प्लेट ३०० किलोंनी दाबते असं धरा. घर्षणाचा गुणांक साध्या लायनिंगचा ०.३. घर्षणाच्या पट्ट्याची सरासरी त्रिज्या आठ सेंटिमीटर, म्हणजे ०.०८ मीटर. प्लेटला दोन बाजू, म्हणून दोननं गुणा. उत्तर येतं १४.४ किलोग्रॅम-मीटर. या इंजिनचा जास्तीत जास्त पीळ सात-साडेसातच्या आसपास. म्हणजे साधी प्लेटही दुप्पट पिळाला पुरते. मग जाड स्प्रिंगा कशाला? त्यांचा भार चालकाच्या गुडघ्यावर पडतो, एवढंच नाही. आपण क्लच दाबतो तेव्हा तो सगळा जोर क्रँकशाफ्टला पुढे ढकलतो, आणि तो झेलायला इंजिनमध्ये एक पातळ बेअरिंग असते. सिग्नलवर क्लच दाबून उभं राहण्याची सवय असलेल्या माणसानं जाड स्प्रिंगांची प्लेट घेतली तर ती बेअरिंग आधी झिजते. भाच्याला हे ठाऊक होतं. पण खोकं विकत घेताना माणूस इंजिनिअर नसतो.

साध्या लायनिंगची प्लेट घेतली. मधोमध स्प्रिंगा असलेली, म्हणजे हिसका त्या स्प्रिंगांत जिरतो. प्रेशर प्लेट मूळ मापाची. सिरॅमिकची प्लेट भाच्यानं परत पाठवली नाही. ती भिंतीवर टांगली आहे. फुलासारखी दिसते, म्हणाला.

इथे एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण ऐकणाऱ्यांत गॅरेजवाले असतील. अब्बांच्या काळी लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असे. जुनं लायनिंग छिन्नीनं काढायचं, नवं रिबिटांनी ठोकायचं, आणि धूळ तोंडानं फुंकून उडवायची. अब्बांना शेवटची दहा वर्षं खोकला होता. ते बिडीही ओढत, त्यामुळे दोष कुणाला द्यायचा हे डॉक्टरांनी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. आताच्या लायनिंगवर अ‍ॅस्बेस्टॉसविरहित असं छापलेलं असतं. पण जुनी गाडी उघडाल तेव्हा आत जुनीच धूळ असते. कॉम्प्रेसरची हवा मारू नका. ओल्या फडक्यानं पुसा आणि ते फडकं पिशवीत बांधून टाका. दादा अजून फुंकतात. त्यांना सांगून मी थकलो.

जुन्या चक्क्याचं काय केलं? दादा म्हणाले, भंगारात दे. भाचा नको म्हणाला. २०२१ साली केंद्र सरकारनं पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांच्या नोंदणीचे वेगळे नियम केले. गाडी मूळ रूपात असावी, सांगाडा, बॉडी, इंजिन यांत मोठे फेरफार नसावेत, ही त्यातली अट. नोंदणीचे वीस हजार रुपये, दहा वर्षांसाठी. मात्र अशी नोंदणी झाली की गाडी रोज भाजी आणायला नेता येत नाही. प्रदर्शन, मेळावा, दुरुस्ती अशाच कामांसाठी बाहेर काढायची. त्या वाटेनं जायचं की नाही हे भाच्याचं अजून ठरलेलं नाही. मोठा कार्ब्युरेटर त्याला सोडवत नाही. पण जे काढलं ते सगळं, कार्ब्युरेटरपासून बोल्टांपर्यंत, चिठ्ठ्या लावून ठेवायचं, हे त्यानं लगेच ठरवलं. चक्क्याला तेल लावून, अब्बांच्या जुन्या लुंगीत गुंडाळून त्यानं तो माझ्या पुस्तकांच्या कपाटात खालच्या कप्प्यात ठेवला. वर चिठ्ठी : 'भेगा आहेत. बसवू नये.'

गाडी सुरू झाली त्या दिवशी मोहल्ल्यातली मुलं जमली. दादा पुढे बसले, मी मागे. भाच्यानं आधी मैदानात दोन चकरा मारल्या, मग आम्ही रेल्वेच्या उड्डाणपुलावर गेलो. चढाच्या मध्यावर, दादांच्या सांगण्यावरून, त्यानं मुद्दाम गाडी थांबवली. हँडब्रेक, पहिला गिअर, क्लच सोडला, आणि इंजिन बंद. मागे एक मिनीडोर होती, तिच्यामागे एस.टी. हॉर्न सुरू झाले. दादांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. सात किलो असता तर, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

दुसऱ्या खेपेला भाच्यानं थोडी रेस जास्त दिली, पाय जरा सावकाश सोडला. प्लेटनं चक्क्याला हळूच धरलं, गाडी थरथरली नाही, मागे सरकली नाही, चढून गेली. पुलावरून उतरताना त्यानं दुसरा गिअर टाकला तेव्हा इंजिनचा आवाज असा झटकन खाली आला की दादांनी डॅशबोर्डवर बोटानं ताल धरला.

नवी क्लचप्लेट रुळायला सातआठशे किलोमीटर लागतात. तोवर ताणायचं नाही, सारखं थांबत-निघत साधं चालवायचं. भाचा पुण्याला गेला, आणि ते काम माझ्यावर सोपवून गेला. माझ्यासारखा हळू चालवणारा माणूस त्याला जिल्ह्यात दुसरा मिळाला नसता, असं त्याचं म्हणणं. रोज सकाळी मी पिपरीहून आर्वी नाक्यापर्यंत जातो आणि परत येतो. आजपर्यंत ३१० किलोमीटर झाले आहेत. इंजिन माझ्याकडून अजून आठवड्यातून एकदा तरी बंद पडतं.